संत केनवालशेजारची जागा

वेवाने जवसाच्या तेलात बुडवलेला फडका पिळला आणि संत केनवालच्या उजव्या खांद्यापासून सुरुवात केली. ही लाकडी मूर्ती वर्षातून एकदाच, जत्रेच्या आदल्या दिवशी, कोनाड्यातून खाली उतरायची. तिला तेल लावण्याचे काम वेवाच्या घराकडे होते. आधी तिची आई लावायची. आईचा हात गेल्यापासून वेवा लावू लागली. संताच्या नाकाचा शेंडा केव्हाच झिजून गेला होता. हातातली काठी मात्र मागाहून कुणीतरी नवी बसवली होती आणि ती त्याच्या मानाने लांब झाली होती. त्यामुळे दूरदेशीहून आलेल्या प्रवाशापेक्षा तो गुरे हाकायला निघालेल्या एखाद्या तिरसट म्हाताऱ्यासारखा दिसे.

चॅपेलच्या दारातला उजेड अडला. मेयर गेगू आत आला, टोपी काढली आणि पहिल्या बाकावर बसला.

"एवढं चोळू नकोस मावशी. संत पार गुळगुळीत होईल."

"तुझ्या डोक्याएवढा नाही व्हायचा," वेवा मान न वळवता म्हणाली.

गेगू हसला. तो वेवाच्या शेजारच्या शेतावर वाढला होता आणि लहानपणी त्याचे निम्मे जेवण तिच्याच चुलीवरचे असे, त्यामुळे मेयर झाल्यावरही तिच्यासमोर त्याला रुबाब दाखवता येत नसे. आज मात्र तो कामाने आला होता. घसा साफ करून त्याने विषय काढला.

विषय रिवालचा होता. वेवाचा थोरला भाऊ, फादर रिवाल, पॅसिफिकमधल्या मोतुलेई नावाच्या बेटावर अर्धे शतक मिशनचे काम करून गेल्या नोव्हेंबरात वारला. तिथल्या उकाड्यात वाट पाहणे शक्य नव्हते, म्हणून तिथल्या लोकांनी त्याला दुसऱ्याच दिवशी पुरले. आता गावाच्या मनात त्याला घरी आणायचे होते. बिशपांची हरकत नव्हती. चॅपेलमध्ये, संत केनवालच्या डाव्या हाताला, फरशीखाली जागाही पाहून ठेवली होती. पुढच्या वर्षीच्या जत्रेला संताच्या मागोमाग रिवालचे अवशेष मिरवत आणायचे आणि इथे ठेवायचे, असा बेत होता.

"केनवाल समुद्र ओलांडून आपल्याकडे आला," गेगू म्हणाला, "आणि आपला रिवाल समुद्र ओलांडून त्यांच्याकडे गेला." हे वाक्य त्याने उद्याच्या भाषणासाठी तयार केले असावे, कारण म्हणून झाल्यावर ते कसे वाटले हे पाहायला तो थांबला.

वेवा संताच्या कोपरावर आली होती. कोपराच्या खाचेत कोळ्याने जाळे केले होते. ते तिने नखाने काढले.

लांकेनवाल गावची शाळा बंद पडली होती, पाववाल्याने दुकान आवरले होते, आणि जत्रेला बाहेरगावची माणसे वर्षागणिक कमी येत होती, हे गेगूला सांगावे लागले नाही. रिवाल आला तर लोक येतील, हेही त्याने फार ताणले नाही. फक्त एवढेच राहिले होते की रक्ताच्या नात्यातल्या माणसाची संमती हवी होती, आणि रक्ताच्या नात्यात आता वेवाशिवाय कुणी उरले नव्हते.

"उद्या जेवणं झाली की मी जाहीर करतो. तू नुसतं उभं राहून हो म्हण. चालेल ना?"

"तिकडची माणसं काय म्हणतायत?"

"त्यांनी एक माणूस पाठवलाय म्हणे. फादर कोसींकडे उतरलाय. आला असेल जत्रा बघायला."

वेवाने फडका पुन्हा तेलात बुडवला. बघते, असे ती म्हणाली. गेगूच्या कानांना तो होकार वाटला आणि तो मांडव घालणाऱ्यांकडे निघून गेला.

रिवाल सेमिनरीत गेला तेव्हा वेवा परकरातली पोर होती. बाप आधीच समुद्रात गेला होता. बोट सापडली, तो सापडला नाही. घरातला मुलगा देवाला दिला म्हणून आई चर्चमध्ये ताठ मानेने बसायची. रिवालला दीक्षा मिळाली, त्याच वर्षी तो मार्सेयहून बोटीत बसला, आणि त्यानंतरच्या थंडीत आईचे उजवे अंग गेले. घरात दुसरे कुणी नव्हते. पलीकडच्या खाडीत होड्या बांधणारा जोब करदिलेस वेवासाठी थांबला होता. त्याला जमले तितका तो थांबला, मग ब्रेस्तच्या एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. लग्नाचा केक त्याने वेवाकडेही पाठवला होता. यात कुणी कुणाचे वाईट केले नव्हते. एकेक गोष्ट ठरत गेली, आणि ठरवताना वेवाला कुणी विचारले नाही, इतकेच.

आई खूप वर्षे जगली. तिला भरवणे, कुशीवर वळवणे, तिचे तोंडातल्या तोंडात चाललेले बोलणे इतरांना समजावून सांगणे, यात वेवाचे केस पांढरे झाले. आई गेली तेव्हा रिवाल मोतुलेईहून निघेपर्यंत कबरीवर गवत उगवले होते.

तो मोजक्याच वेळा घरी आला. आला की गाव त्याला डोक्यावर घ्यायचे. संताच्या पालखीमागे त्याला चालवायचे, भाषण करायला लावायचे, घरोघरी जेवायला न्यायचे. वेवा त्याचे झगे धुवायची. त्यांतून तांबडी माती निघे ती चौथ्या पाण्यालाही संपत नसे. माणूस वाईट नव्हता. लाकडे फोडून द्यायचा, बेटावरच्या गमती सांगायचा आणि सांगता सांगता खुर्चीतच घोरायला लागायचा. वेवा त्याच्या पायांवर घोंगडी टाकायची.

दुपारी शेजारची मारीवोन कुंपणावरून ओरडली की तुझ्याकडे लुंगी नेसलेला पाहुणा आलाय, आणि काय ते पाय आहेत बाई, खांब नुसते.

वेवा जत्रेसाठी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती. फादर कोसी पुढे आणि त्यांच्या मागे, दारात वाकून, बेटावरून आलेला लाफाएले आत आला. पन्नाशी ओलांडलेला, दांडगा, वर कोट आणि खाली फुलाफुलांची लुंगी. जुलै असूनही त्याला थंडी वाजत असावी, कारण कोटाची सगळी बटणे लावलेली होती. बगलेत चटईची गुंडाळी आणि हातात वाळकी, फाटे फुटलेली एक मुळी होती.

वेवाने खुर्ची पुढे केली. तो खुर्चीत बसला नाही. त्याने चटई फरशीवर उलगडून तिच्यासमोर अंथरली, मुळी चटईवर ठेवली आणि स्वतः दाराजवळ, उघड्या फरशीवर, मांडी घालून बसला.

"ही मुळी कशाची?" वेवाने विचारले.

"ठेचून पाण्यात घालून पितात," फादर कोसी म्हणाले. "तुम्ही नुसती घ्या आणि हातात धरा. त्यांच्याकडे असंच असतं."

फादर कोसी टोगोचे. एकट्याच्या अंगावर खाडीकाठची सात गावे घेऊन जुन्या गाडीतून मिस्सेच्या प्रार्थनेमागून प्रार्थना करत फिरायचे. माझे लोक मला परत मागतील की नाही कोण जाणे, आतापासून विचारून ठेवायला हवे, असे ते आज सकाळपासून दोनदा म्हणाले होते आणि दोन्ही वेळा एकटेच हसले होते.

वेवाने मुळी हातात धरली. तिला मातीचा आणि मिऱ्याचा वास येत होता.

लाफाएलेचे फ्रेंच शाळेत शिकलेले, शुद्ध होते. वेवाचे बाजारात शिकलेले. तिला नीट येणारी भाषा एकच, ती म्हणजे ब्रेतॉन, या किनाऱ्याची जुनी बोली. पण लाफाएलेने पहिले वाक्य उच्चारले ते ब्रेतॉनमध्ये, आणि वेवाच्या दुसऱ्या हातातला कलथा थांबला. आईची हाक होती ती. संध्याकाळी डुकरांना गोठ्याकडे बोलवायची हाक, शेवटी सूर वर नेणारी.

"फादर आमच्या डुकरांना असंच बोलवायचे," लाफाएले म्हणाला. "आता सगळं बेट असंच बोलवतं. दुसरी हाक दिली तर डुकरं येत नाहीत."

वेवा हसली. बऱ्याच दिवसांनी ती अशी, दात नसलेली बाजू दिसेपर्यंत हसली. मग तो सांगत गेला. फादरांनी पावसाचे पाणी साठवायला टाकी बांधली, ती दोनदा फुटली आणि तिसऱ्यांदा टिकली. वादळात चर्चचे छप्पर गेले तेव्हा सरकारी बोट त्यांना न्यायला आली, पण ते चढले नाहीत. लाफाएलेचे आईबाप तापात गेले होते; त्याला आणि त्याच्यासारख्या पुष्कळांना फादरांनीच वाढवले. फादरांची कबर चर्चच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. बायका दर शनिवारी तिच्यावरचे पांढरे खडे धुतात.

"दर ईस्टरला ते आम्हाला सांगायचे, माझी हाडं इथेच राहणार. दर ईस्टरला. आम्हाला ते पाठ झालं होतं." लाफाएलेने तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "आमच्याकडे ज्याची कबर आपल्या मातीत, तो आपला. फादरांना उकरून नेलं तर म्हातारी माणसं म्हणतील, ते पाहुणे होते."

"मग गेगूला जाऊन सांग. मेयर तो आहे."

"मेयर काय करणार?" तो शांतपणे म्हणाला. "फादर आमचे बाप. तुम्ही बापाची बहीण. आमची आत्या. आमच्याकडे बापाच्या मयतीत शेवटचा शब्द आत्याचा. मुलगे बोलत नाहीत, गावचा मुखिया बोलत नाही. म्हणून मी आलो. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवू. आणा म्हणालात तर आम्हीच खणू, आम्हीच धुऊ आणि आम्हीच खांद्यावरून घेऊन येऊ. कुणी चकार शब्द काढणार नाही."

वेवाने मुळी चटईवर ठेवली. पुन्हा उचलली. फादर कोसी छपराकडे पाहत होते.

"त्यांनी तुम्हाला कधी वेगळं काही सांगितलं होतं का आत्या?" लाफाएलेने विचारले. "सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला."

तव्यावरच्या धिरड्याच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. वेवा उठली, तिने ते उलटवले, वर खारे लोणी टाकले, आणि ते विरघळेपर्यंत तव्याकडेच पाहत राहिली.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "आता खा. गार झालं की चामड्यासारखं लागतं."

जत्रेच्या दिवशी सकाळी धुके होते आणि दहाच्या सुमाराला ते विरले. सनया पुढे, मग मखमली झेंडे, मग संत केनवालची पालखी. पालखीला चार खांदेकरी लागत, आणि यंदा तीनच मिळाले होते. एकाची कंबर धरली होती आणि त्याचा मुलगा रेनहून आला नव्हता. गेगू इकडेतिकडे पाहू लागला, तेवढ्यात लाफाएलेने कोट काढून मारीवोनच्या हातात दिला आणि मागच्या उजव्या दांड्याखाली खांदा घातला. तो बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होता. संत पुढे कलला आणि त्याची लांब काठी रोखल्यासारखी झाली.

"अरे, जरा गुडघ्यात वाक," पुढचा खांदेकरी म्हणाला, "नाहीतर म्हातारा उडी मारेल."

लाफाएले समुद्रापर्यंत गुडघ्यात वाकून चालला.

किनाऱ्यावर दगडी होडी आहे. माणूस झोपेल एवढी, डोणीसारखी कोरलेली, आणि पुढचे टोक तुटलेले. पालखी तिच्याजवळ टेकवली, तेव्हा घाम पुसणाऱ्या लाफाएलेला मारीवोनने सगळे ऐकवले. तिला ते कुणालाही ऐकवायला आवडे. केनवाल या होडीतून वेल्सहून आला. इथली माणसे तेव्हा झाडांना भजायची. त्याने त्यांना देव सांगितला, नांगर धरायला शिकवला, लांडग्याला दम भरून बैलाच्या जागी जुंपला. म्हातारपणी त्याला घरची ओढ लागली. मला माझ्या मुलखात मरू द्या, असे तो म्हणू लागला. तेव्हा तो प्रार्थनेत असताना लोकांनी घण आणले आणि होडीचे नाक फोडले. मग काय करतो बिचारा, राहिला.

"त्याला राग नाही आला?" लाफाएलेने विचारले.

"आला असला तर आता उतरला असेल. चौदाशे वर्षं झाली."

लाफाएलेने तुटलेल्या कडेवरून हात फिरवला. फादर कायमचे निघाले असते तर बेटावरही कुणीतरी त्यांची बोट फोडली असती, असे तो म्हणाला.

फादर कोसींनी पाणी शिंपडले आणि दरवर्षीप्रमाणे समुद्राकडे तोंड केलेल्या मूर्तीला विचारले, "केनवाल, जातोस की राहतोस?" आणि सगळी गर्दी, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, लेसच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या, आइस्क्रीम खाणारे प्रवासी, सगळे त्याच्या वतीने ओरडले, "राहतो!" खांदेकऱ्यांनी मूर्ती वळवली. वेवा पहिल्या रांगेत होती. लहान होती तेव्हापासून ती या घोळक्यात ओरडत आली होती. आज तिने ओठ हलवले, पण आवाज आला की नाही हे शेजारच्यांनाही कळले नाही.

मांडवात लांब टेबलांवर जेवणे झाली. डुकराचे मांस, बटाटे, धिरडी, सफरचंदाची सायडर. फळांचे केक येण्याआधी गेगू उभा राहिला आणि त्याने पेल्यावर चमचा वाजवला. समुद्र ओलांडून आलेल्याचे आणि समुद्र ओलांडून गेलेल्याचे वाक्य त्याने म्हटले, आणि ते चांगले वठले. टाळ्या पडल्या. पुढच्या जत्रेची, फरशीखालच्या जागेची हकिगत त्याने सांगितली. पुन्हा टाळ्या पडल्या. फादर कोसींच्या शेजारी लाफाएले ताटावर नजर लावून बसला होता. त्याच्या पुढ्यातले बटाटे तसेच होते.

"आता फादरांची बहीण दोन शब्द बोलेल," गेगू म्हणाला. "मावशी, ऊठ."

वेवा टेबलाचा आधार घेऊन उठली. लोकांसमोर बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. बोलणे रिवालचे काम होते. तिने ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि काढला.

"रिवाल शेवटचा आला होता ना," ती म्हणाली, "तेव्हा मला म्हणाला, मला तिकडेच ठेवा. तर तो तिकडेच राहील."

ती खाली बसली. गेगू अजून उभा होता; हातातला चमचा कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हते.

"मावशी, हे तू आधी कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

कुणीतरी हसले आणि लगेच खोकल्यासारखे केले. मग दूरच्या टेबलावरून एक म्हातारा म्हणाला की त्याचीच तशी इच्छा होती तर पुढे बोलण्यात काही अर्थ नाही. हळूहळू माना हलल्या. गेगू मेयर होता, त्याने सावरून घेतले. मग निदान चॅपेलच्या भिंतीवर फादरांच्या नावाची शिळा तरी बसवू, संताच्या डाव्या हाताला, असे त्याने जाहीर केले, आणि या खेपेच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या, कारण त्यानंतर केक येणार होते.

लाफाएले टेबलांच्या मधून वाट काढत आला. वेवाच्या पायांशी गवतात बसला आणि तिचा हात घेऊन त्याने आपल्या कपाळाला लावला. त्याचे खांदे हलत होते. गावातल्या कुणी वेवासाठी असे काही केले नव्हते, आणि अशा वेळी काय करायचे असते हे तिला ठाऊक नव्हते. तिने दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यावर एकदा थोपटले, गोठ्यात गाय शांत करताना थोपटतात तसे.

"ऊठ," ती म्हणाली. "गवत ओलं आहे. लुंगी खराब होईल."

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना वेवाने त्याला खारट लोण्याचा डबा आणि रिवालची घोंगडी दिली. घोंगडी तिकडे कशाला लागेल, असे मारीवोनने विचारले. वेवा म्हणाली, लागू दे नाहीतर न लागू दे, त्याची आहे.

पाथरवट फान्च मंगळवारी चॅपेलच्या भिंतीचे माप घ्यायला आला. त्याचे काम होईपर्यंत वेवा दाराशी उभी राहिली, आणि मग इकडे ये जरा, म्हणून त्याला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेली.

घरची कबर कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला होती. करड्या दगडावर वर बापाचे नाव आणि त्याच्यापुढे 'समुद्रात'. त्याखाली आईचे. कबर दोघांसाठी बांधलेली होती; बाप मिळाला नाही, म्हणून आईच्या शेजारी एक जागा रिकामी राहिली होती. दफनभूमी भरून गेलेली, नव्या कबरी आता टेकडीपलीकडे, मोटारींच्या रस्त्याला लागून देत.

वेवाने वाकून दगडाच्या फटीतले गवत उपटले. शेवटच्या खेपेला रिवाल इथेच, तिच्या डाव्या बाजूला, टोपी हातात धरून उभा होता. उन्हाने त्याचे टक्कल भाजले होते. "ही एकच जागा उरलीय ना वेवा?" तो म्हणाला होता. "ही माझ्यासाठी ठेव. तिकडे नको पुरू देऊस मला. त्या लोकांना मी काहीही सांगत असतो, पण तिथल्या मातीची मला कधी सवय झाली नाही. आईजवळ बरं वाटेल. आणशील असं सांग."

वेवाच्या हातात तेव्हा पाण्याची बादली होती. बघू, असे ती म्हणाली होती. ती स्वतः कुठे जाईल हे त्याने विचारले नाही. टोपी डोक्यावर चढवून जेवायला काय आहे हे विचारले, आणि फाटकाकडे चालू लागला.

"काय कोरायचं?" फान्चने पेन्सिल कानावरून काढली.

"माझं नाव. जेनोवेफा, पूर्ण. आणि जन्माचं साल. पुढचं तू मागाहून घाल."

फान्चने मान डोलावली. जिवंतपणी नाव कोरून ठेवणारी माणसे त्याच्या धंद्यात नवी नव्हती. त्याने दगडावर वीत ठेवून पाहिली.

"खाली फादर रिवालांचं नाव पण बसेल. एक ओळ. नुसतं आठवणीसाठी."

"त्याची शिळा तू चॅपेलात लावतोयस."

"हो, पण इथे आईवडिलांबरोबर..."

"तिकडे आहे त्याची जागा," वेवा म्हणाली. "बायका शनिवारी धुतात."

फान्चने पुढे वाद घातला नाही. गुडघ्यांवर बसून त्याने आईच्या नावाखाली पट्टी धरली आणि पेन्सिलने पहिले अक्षर आखले. वेवाने चष्मा काढून ॲप्रनला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिले.

"जरा मोठं कर," ती म्हणाली.